युद्धनोंदींतील नाव आणि पूर्वजाचा शोध : वेंगुर्ले परिसराच्या निमित्ताने

वेंगुर्ले आणि त्याच्या भोवतालची गावे यांतून मुंबई इलाख्याच्या फौजेत, पुढे मराठा व महार पलटणींत, तसेच व्यापारी जहाजांवर गेलेल्या माणसांची परंपरा जुनी आहे. घरात एखादे पदक असते, एखादे पेन्शनचे पुस्तक असते, आणि ‘आमचे खापरपणजे बसऱ्याला होते’ असे एखादे वाक्य असते. अलीकडे या वाक्याचा पाठपुरावा करणे सोपे झाले आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतसैनिकांची नामसूची आज घरबसल्या पाहता येते. पहिल्या महायुद्धातील पलटणवार रोजनिश्यांच्या प्रतिमाही ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने उपलब्ध केल्या आहेत. त्यामुळे पूर्वजाचा शोध घेणारी मंडळी वाढली आणि त्या शोधावर आधारलेले घराण्यांचे छोटेमोठे वृत्तान्तही तयार होऊ लागले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु अशा वृत्तान्तांत एक दोष वारंवार आढळतो. नोंदीतील नाव पुरावा म्हणून उचलले जाते. मजकूर म्हणून ते वाचले जात नाही. ते कोणी लिहिले, कोणत्या वर्णलेखनपद्धतीने लिहिले, ऐकणाऱ्याच्या कानाला काय ऐकू आले, आणि सांगणाऱ्याने आपले नाव म्हणून नेमके काय सांगितले, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार मुख्यतः भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम गावाच्या नावापासून आरंभ करू. प्रमाण मराठीत ‘वेंगुर्ले’ हे नाव एकारान्त आहे; इंग्रजी दप्तरात मात्र ते आकारान्त लिहिले गेले. हा परकीय कानाचा दोष आहे, असा सार्वत्रिक समज दिसतो. वस्तुतः तसे नाही. मालवणी बोलीत नपुंसकलिंगी नामाचा अन्त्य स्वर सानुनासिक ‘आं’ असतो. प्रमाण मराठीतील ‘केळे’ येथे ‘केळां’ होते, आणि त्याच न्यायाने गाव ‘वेंगुर्लां’ होतो. कारकुनाने अनुनासिक गाळले, परंतु स्वर अचूक टिपला. म्हणजे या एका बाबतीत इंग्रजी दप्तर पुणेरी पुस्तकांपेक्षा गावकऱ्याच्या तोंडाशी अधिक प्रामाणिक राहिले. याचा व्यावहारिक उपयोग असा, की नोंदीत ‘परुला’ किंवा ‘वेतोरा’ असे गाव आढळल्यास ते निराळे गाव समजून पान उलटू नये. परुळे आणि वेतोरे हीच ती गावे असण्याचा संभव प्रथम तपासावा.

जिल्ह्याचेही तसेच. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वीच्या कोणत्याही युद्धनोंदीत तो जिल्हा म्हणून सापडणार नाही. वेंगुर्ले 1812 मध्ये सावंतवाडीकरांनी इंग्रजांना दिले आणि पुढे ते रत्नागिरी जिल्ह्यात मोडले. परंतु सावंतवाडी संस्थान 1948 पर्यंत निराळे होते. एकाच बाजाराला येणारे दोन शेजारी गावकरी भरतीच्या कागदावर एक ‘रत्नागिरी’ आणि दुसरा ‘सावंतवाडी संस्थान’ असे विभागले जात. खुद्द ‘सावंतवाडी’ हे नाव जुन्या लष्करी कागदांत अशा रीतीने लिहिलेले असते की त्याचा उत्तरार्ध इंग्रज वाचक ‘वारी’ असा वाचील. कारण दोन स्वरांमधील ‘ड’ चा उच्चार इंग्रज कानाला ‘र’ सारखा भासे आणि तो दुहेरी ‘आर’ ने दाखविण्याची प्रथा होती. पंढरीच्या वाटेशी त्या ‘वारी’चा काही संबंध नाही, हे सांगावयास नकोच.

वर्णलेखनाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी दप्तरात देशी नावे लिहिताना गिलख्रिस्टच्या वळणाची पद्धत रूढ होती : ‘अ’ साठी ‘यू’, ‘ई’ साठी जोड ‘ई’, ‘ऊ’ साठी जोड ‘ओ’. 1870 नंतर हंटरची पद्धत सरकारी पातळीवर स्वीकारली गेली आणि ‘अ’ साठी ‘ए’ हे अक्षर आले. अर्थात पलटणीतले कारकून एका दिवसात बदलले नाहीत. परिणामी एकाच माणसाचे नाव भरतीच्या वेळी एका पद्धतीने आणि पेन्शनच्या वेळी दुसऱ्या पद्धतीने लिहिले जाणे शक्य होते. जुन्या पद्धतीतील ‘यू’ हा ‘अ’ आहे की ‘उ’ आहे, हे केवळ अक्षरावरून ठरत नाही. ‘गण’ आणि ‘गुण’ दोन्ही त्यात मावतात. दन्त्य व मूर्धन्य यांतील भेद तर दोन्ही पद्धतींतून व्यवहारात नाहीसाच होतो. ‘ल’ व ‘ळ’, ‘न’ व ‘ण’, ‘त’ व ‘ट’ या जोड्या कोकणातल्या नावांत पदोपदी येतात, आणि त्या सर्व एकेका अक्षरात विरघळून जातात. ‘राऊळ’ हे आडनाव निदान तीनचार प्रकारे लिहिले जाऊ शकते, आणि त्यांतला एक प्रकार परत देवनागरीत आणताना ‘रावल’ होतो. मग वेंगुर्ल्याचा राऊळ राजस्थानचा रावल ठरतो.

यापेक्षा अवघड प्रश्न पदवाचक आडनावांचा आहे, आणि या किनाऱ्यावर तो विशेष तीव्र आहे. ‘सावंत’ हे ‘सामंत’ या शब्दाचे रूप. ‘दळवी’ या नावात ‘दळ’ म्हणजे सैन्य उघड दिसते. ‘नाईक’ म्हणजे नायक. ज्या समाजाने लष्करी पदांचीच आडनावे केली, त्याच समाजातील माणसे पुढे अशा फौजेत गेली की जिच्यात ‘नाईक’, ‘हवालदार’, ‘जमादार’, ‘सुभेदार’ हीच पदे होती. ‘नाईक राम सावंत’ आणि ‘शिपाई राम नाईक’ अशा दोन नोंदी कल्पनेने समोर ठेवल्या, तर पहिलीत ‘नाईक’ पद आहे आणि दुसरीत आडनाव. येथपर्यंत सोपे आहे. परंतु नोंदींच्या नकला होताना पदाचा रकाना आणि नावाचा रकाना एकत्र येतात, आणि ‘राम नाईक’ एवढेच उरते. घरची समजूत मग असे सांगू लागते की आजोबा नाईक या हुद्द्यापर्यंत चढले होते. हुद्द्याविषयी घरच्या स्मृतीचा कल नेहमी वरच्या दिशेने असतो. शिपायाचा सुभेदार व्हावयास दोन पिढ्या पुरतात.

अशा वेळी घरातील धातूच्या वस्तू कागदापेक्षा अधिक बोलतात, मात्र त्या वाचता आल्या पाहिजेत. पहिल्या महायुद्धानंतर दिलेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. शेतात राबणाऱ्या घराने ते चांदीचे पदक मोडीत घातले नसेल तर संशोधकाचे अर्धे काम तेथेच होते. पदक चांदीचे नसून काशाचे असेल तर तेही अर्थपूर्ण आहे. कारण मजूर पथकांसारख्या बिनलढाऊ सेवकांना काशाचे पदक मिळाले. ‘खोटे पदक’ म्हणून ते अडगळीत टाकू नये. याउलट, मृतांच्या वारसांना जी मोठी काशाची स्मृतिचकती दिली जाई तिच्यावर हुद्दा मुद्दामच घातला नव्हता. मरणात सर्व समान, अशी त्यामागची भूमिका होती. तेव्हा त्या चकतीवर ‘नाईक’ हा शब्द असेल तर तो हुद्दा नव्हे, आडनाव. शब्दाचा अर्थ तो कोणत्या वस्तूवर लिहिला आहे यावर अवलंबून असल्याचे याहून स्पष्ट उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गातही सहजी मिळणार नाही.

नावाच्या अन्त्य भागावरून माणसाची जात ठरविण्याची प्रथा युद्धनोंदींच्या अभ्यासात रूढ आहे, आणि तिची चिकित्सा थोडी विस्ताराने केली पाहिजे. या प्रथेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भीमा कोरेगावच्या स्तंभाचे आहे. 1 जानेवारी 1818 रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील मुंबई फौजेची पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण पेशव्यांच्या फौजेशी लढली. 1821 मध्ये तेथे स्मारकस्तंभाची पायाभरणी झाली. कंपनीच्या बाजूने पडलेल्या 49 जणांची नावे त्यावर आहेत, आणि त्यांतील 22 जण महार होते असे सांगितले जाते. ही 22 ची संख्या कोठून आली? कोठल्याही जातवार हजेरीपटातून नव्हे; नावाच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे, एवढ्यावरून. महारांच्या नावांपुढे ‘नाक’ लागत असे याला इतर साधनांचा भक्कम आधार आहे. खर्ड्याच्या लढाईच्या संदर्भात येणारा शिदनाक सर्वपरिचित आहे. तेव्हा अनुमान योग्यच आहे. कोरेगावच्या यादीतील इंग्रजी रूपेही बोलकी आहेत. ‘ई’, दोन ‘एस’ आणि पुढे ‘नाक’ असे जे नाव आहे त्यात येसनाक ओळखता येतो. ‘आर-वाय’ ने सुरू होणारा रायनाक दिसतो. आणि ‘जी-यू’ पुढे दोन ‘एन’ असलेले नाव गणनाक की गुणनाक, हे वर सांगितलेल्या ‘यू’च्या संदिग्धतेमुळे अनिर्णित राहते. त्यातील दोन ‘एन’ मात्र निरर्थक द्वित्त नसावे. एक पूर्वपदाच्या शेवटचा आणि दुसरा ‘नाक’चा आरंभीचा, असे मानल्यास नावाची घडण उलगडते.

‘नाक’ची व्युत्पत्ती काय, हा मोहाचा विषय आहे. ‘नायक’ पासून संकोचाने ‘नाक’ होणे ध्वनिदृष्ट्या अशक्य नाही. ‘नाग’शी त्याचा संबंध जोडणारेही आहेत. कार्ल्याच्या सिंहस्तंभावर ‘महारठी गोतिपुत्र अगिमित्रणक’ याच्या दानाचा उल्लेख आहे आणि त्या ‘णक’कडे पाहून कोणाचेही मन चळावे. परंतु मध्ये दीड हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, स्वर निराळा आहे, आणि दोन प्रत्यय सारखे ऐकू येतात म्हणून त्यांचे कूळ एक होत नाही.

मुख्य मुद्दा असा की या कसोटीची धार एकाच बाजूला आहे. ‘नाक’ असेल तर माणूस महार असल्याचा प्रबळ संभव. ‘नाक’ नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. याचा पुरावा दूर शोधावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पिता रामजी आणि पितामह मालोजी दोघेही लष्करात होते. रामजी सुभेदार झाले. दोघांच्याही नावांना ‘जी’ आहे, ‘नाक’ नाही. कोरेगावच्या यादीत जर मालोजी असे नाव असते, तर प्रत्यय मोजणाऱ्या अभ्यासकाने ते निःशंकपणे मराठ्यांच्या रकान्यात टाकले असते. दुसरीकडे, ‘जी’ हा प्रत्यय कोकणातल्या बेने इस्रायली सैनिकांच्या नावांतही होता. 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतील अधिकारी. त्यांचेच दुसरे नाव सामाजी हसाजी दिवेकर. ‘सामाजी हसाजी’ एवढ्यावरून यहुदी कोण ओळखील? म्हणून कोरेगावची 22 ही संख्या किमान संख्या समजली पाहिजे, आणि उरलेल्यांची जी जातवार विभागणी पुढे केली जाते ती त्याहून पुष्कळ अधिक सैल पायावर उभी आहे. वादात उतरणाऱ्या दोन्ही पक्षांनी ही संख्या दगडावर कोरलेली मानली. दगडावर फक्त नावे कोरलेली आहेत.

आंबेडकर घराण्याचे उदाहरण आणखी एका कारणाने उपयुक्त आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी नोंदलेले मुलाचे नाव मात्र भिवा रामजी आंबेडकर. या नावाचा संबंध एका शिक्षकाच्या आडनावाशी जोडणारी हकीकत प्रसिद्ध आहे, आणि गावाच्या नावाशी असलेला संबंधही उघड आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की मुलाच्या आडनावाने बापाची लष्करी नोंद शोधू जाणाऱ्यास ती मिळणार नाही. मातुल घराणे मुरबाडकर, तेही लष्करी, आणि तेही गावावरून नाव घेतलेले. ‘कर’युक्त आडनावाचा हा स्वभावच आहे. गावात राहणाऱ्याला त्याची गरज नसते. मातोंडात कोणी मातोंडकर म्हणून ओळखला जात नाही, तेथे तो परब असतो किंवा सावंत असतो. ‘कर’ हा माणूस गावाबाहेर पडल्यावर, आणि पुष्कळदा पलटणीत, शाळेत किंवा गिरणीत नाव लिहून घेणाऱ्याच्या सोयीसाठी चिकटतो. तो जेथे राहतो ते गाव ‘कर’ सांगत नाही. त्याने किंवा त्याच्या पूर्वजाने जे सोडले ते गाव सांगतो. 1907 मध्ये तरुण आंबेडकरांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट देणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर आपल्या याच तालुक्यातल्या केळूसचे; त्यांची सारी कर्तबगारी मुंबईत झाली आणि नावात तेवढे गाव राहिले. वेंगुर्ले परिसरातील कुटुंबांनी पूर्वजाचा शोध घेताना हल्लीच्या ‘कर’युक्त आडनावावर न थांबता मूळ कुळनाव, गावाचे नाव आणि बापाचे नाव या तिन्हींनी सूची धुंडाळावी हे उत्तम. बापाचे नावही शाळेत घातलेल्या शुद्ध रूपात मिळेलच असे नाही. लक्ष्मणाचा लखू आणि गोविंदाचा गोइंद गृहीत धरावा.

आता ज्या नोंदींत नावच नाही त्यांच्याविषयी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींची सर्वांत मोठी हानी मेसोपोटेमियात झाली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात कुत येथे वेढल्या गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर कैदेत गेलेल्यांपैकी पुष्कळ परतले नाहीत. त्यांचे स्मारक बसरा येथे आहे, आणि त्या स्मारकाची रचना हा एक वाचण्याजोगा मजकूर आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे हुद्दानिरपेक्ष कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. परंतु हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ अशी संख्या घातली. फ्रान्समध्ये नव-शापेल येथे 1927 मध्ये उघडलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. म्हणजे नावे कोरता येत नव्हती असे नव्हे. युरोपीय प्रवाशाच्या नजरेस पडणाऱ्या जागी शिपायाला नाव मिळाले आणि बसऱ्याला त्याची बेरीज झाली.

आयोगाने नेमलेल्या विशेष समितीने एप्रिल 2021 मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला, त्यात हे मान्य केले आहे. हिंदी, पूर्व व पश्चिम आफ्रिकी, ईजिप्शियन व सोमाली असे सुमारे 45,000 ते 54,000 मृत असमान रीतीने स्मरले गेले. आणखी किमान 1,16,000, कदाचित 3,50,000 पर्यंत माणसांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका व ईजिप्तमधील, नावाने स्मृती नाही किंवा मुळीच स्मृती नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. अहवाल प्रांजळ आहे. तरी भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक उणीव जाणवते. नाव कोरले न जाणे हा अन्याय त्यात मांडला आहे. नाव कोरले जाऊनही ते कोणाचे हे घरच्यांना ओळखता न येणे, हा दुसरा अन्याय त्यात फारसा येत नाही. बसऱ्याच्या शिपायांची नावे नोंदवहीत आहेत. परंतु ‘सावंत’, ‘सावंत’, ‘सावंत’ अशा ओळींतून एका घराने आपला माणूस कसा निवडावा? येथेच घराण्यांच्या वृत्तान्तांत घाई होते. जिल्हा रत्नागिरी आणि नाव जुळणारे, एवढ्यावर एक मृत सैनिक पूर्वज म्हणून स्वीकारला जातो, त्याच्या तिथीला फुले वाहिली जातात, आणि ज्या घराचा तो खरोखर होता त्या घराचा शोध कायमचा बुजतो. पलटणीचा क्रमांक, गाव आणि बापाचे किंवा पत्नीचे नाव यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय असा स्वीकार करू नये.

पलटणींच्या रोजनिश्यांकडून याबाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. त्या लिहिणारा ब्रिटिश अधिकारी आपल्या बरोबरीच्यांची नावे लिहितो. शिपाई तेथेही बहुधा आकड्यातच येतो. मात्र ज्या दिवशी पूर्वज पडला त्या दिवशी पलटण कोठे होती, पाऊस होता की ऊन, रसद आली की नाही, हे त्यांतून कळते, आणि कित्येकदा तेवढेच कळण्याजोगे असते.

या साऱ्या खटाटोपाला केवळ कौटुंबिक कुतूहलापलीकडे अर्थ आहे काय, असा प्रश्न काही जाणकार विचारतात. त्याचे उत्तर कोकणच्याच इतिहासात आहे. 1890 नंतरच्या वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा महाडजवळच्या रावदूळचे निवृत्त लष्करी शिक्षक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्याकडे अर्ज गेला. या अर्जांचा एक आधार पूर्वजांची लष्करी सेवा हाच होता. ज्यांच्या आजोबांची नावे कोठे तरी लिहिलेली होती त्यांनाच असा दावा करता येत होता. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावला गेले ते त्या नावांसमोर. 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर शेवटी एक प्रकार उरतो, तो खलाशांचा. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीचे मुसलमान खलाशी आणि खाणावळीत गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी दीर्घकाळ होती. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या जुन्या खलाशी-गृहात आहे. त्यांचा शोध पलटणीच्या नावाने लागत नाही, जहाजाच्या नावाने लागतो. आणि जहाजाचे नाव घरी सांगितले गेले असेल तर ते मालवणी तोंडात कोणते रूप घेऊन आले असेल, याचा अंदाज प्रथम करावा लागतो. या भागातील वृद्ध माणसांकडून जहाजांच्या नावांची अशी रूपे ऐकून, ती जशी उच्चारली जातात तशीच उतरवून घेण्याचे काम आमच्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. नावे सांगणारे थोडेच उरले आहेत.